जिन्यात अडकलेलं कपाट

मॅडमनी आम्हाला तो सिनेमा पहिल्यांदा लावला, तेव्हा नऊ मिनिटं झाली आणि वीज गेली.

मी तेव्हा बारामतीच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं गाव इंदापूरपासून आठ-नऊ किलोमीटर आत. तिथून रोज ये-जा करणं शक्य नव्हतं, म्हणून मी मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायचे. इंग्रजीच्या मॅडम त्या वर्षीच नव्यानं आल्या होत्या. उंच, आवाज बारीक, पायात कायम कोल्हापुरी चपला. गोष्ट कशी सुरू होते हे ज्याला कळलं त्याला अर्धं वाचन आलं, असं त्यांचं मत होतं. पुस्तकातले उतारे देऊन आम्ही हलत नाही हे बघितल्यावर त्यांनी प्राचार्यांकडून परवानगी काढली आणि दर गुरुवारी दुपारी वर्गात सिनेमा दाखवायचं ठरवलं. स्टाफरूममधला टीव्ही चाकाच्या टेबलावरून ढकलत आणायचा. व्हीसीआर आणि कॅसेट माझ्या मैत्रिणीच्या वडिलांच्या व्हिडिओ लायब्ररीतून यायची. ही मैत्रीण माझ्याच वर्गात होती, आणि त्या सगळ्या सामानाची जबाबदारी आपोआप तिच्यावर पडली होती. वायर कुठं घालायची हे वर्गात फक्त तिलाच माहीत होतं.

सिनेमा हिंदी होता, हलकाफुलका, प्रेमाचा. फार चाललेला नव्हता. मॅडमनी तो मुद्दाम निवडला होता, कारण आमच्यापैकी कुणी बघितलेला नसणार याची त्यांना खात्री होती.

सुरुवात अशी. पडदा काळा. नुसता खराट्याचा आवाज. मग वरून दिसणारा एक जिना, तीन मजल्यांचा, गोल वळत खाली गेलेला. हिरव्या लुगड्यातली एक बाई बादली घेऊन पायऱ्या धुतेय, आणि तिच्या आजूबाजूला कलाकारांची नावं येतायत. वरच्या मजल्यावरून नायक धावत येतो. त्याला नोकरीच्या मुलाखतीला जायचंय. तो खाली जातो, फाइल विसरली म्हणून पुन्हा वर पळतो. तेवढ्यात खालून नायिकेचं सामान येतं. ती नवी भाडेकरू. हमालांनी एक मोठं आरशाचं कपाट वर चढवायला घेतलेलं असतं आणि ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकतं. वरही जाईना, खालीही येईना. नायक वरच्या बाजूला, नायिका खालच्या. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, नुसता आवाज. दोघं कपाटाच्या आरपार भांडतात. तो म्हणतो कपाट खाली न्या, ती म्हणते तुम्ही वर जा. असं करता करता तो पायरीवरून घसरतो, कपाटाखालच्या फटीतून सरकत तिच्या पायाशी येऊन बसतो, आणि ती त्याच्याकडे न बघताच हातातला फुलदाणीचा जड खोका त्याच्या हातात देते. म्हणते, हे जरा धरा.

इथं वीज गेली.

गुरुवारी दुपारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज घालवायचे. कधी दोनला, कधी तीनला, काही नेम नसायचा. टीव्ही मात्र गुरुवारीच मिळत होता. पुढच्या आठवड्यात मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून सिनेमा लावला आणि पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या खेपेला तर नायक घसरायच्या आधीच टीव्ही बंद पडला. मुलं बाकं वाजवायला लागली. मॅडम खुर्चीवर बसून बराच वेळ हसल्या.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पुढचं राहू दे. आपल्याकडे नऊ मिनिटं आहेत. या नऊ मिनिटांत दिग्दर्शकानं काय काय केलंय ते मला लिहून आणा. कोण आधी दिसतं, कोण नंतर. आवाज कुठला येतो. आपण कधी हसतो आणि का. पुढच्या गुरुवारी वाचायचं."

मुलांना ते काही विशेष वाटलं नाही. मला मात्र वाटलं, आणि त्याला कारण होतं. तोपर्यंतच्या आयुष्यात मी सिनेमाची सुरुवात जवळजवळ बघितलीच नव्हती. इंदापूरला आम्ही सिनेमाला जायचो ते रविवारी, बाजार झाल्यावर. आईचा बाजार कधी वेळेत उरकला नाही. मिरच्या बघून, वाटाणा दाताखाली फोडून, एका बाईकडे तीनदा परत जाऊन मग आम्ही पिशव्या घेऊन थिएटरात शिरायचो तेव्हा आत गाणं चालू असायचं. अंधारात लोकांचे पाय तुडवत खुर्ची शोधायची. मी कुरकुर केली की आई म्हणायची, "सुरवातीला काय नसतंच. नुसती नावं असत्यात." मी ते खरं मानून चालले होते. आता कळत होतं की नावांच्या मागं इतकं काही चालू असतं.

मी वसतिगृहात दोन दिवस बसून चार पानं लिहिली. माझं लक्ष पहिल्यापासून त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईवर होतं. सिनेमातला पहिला आवाज तिच्या खराट्याचा. पहिलं माणूस ती. कपाटामुळं सगळे अडकलेले असताना ती एकटी त्या फटीतून वाकून वर-खाली जात राहते. पण तिच्या तोंडी एक शब्द नाही. नाव नाही. ती राबते, आणि तिच्या ओल्या पायरीवर नायक घसरून त्याचं प्रेम सुरू होतं. मी जरा चिडूनच लिहिलं होतं. या सिनेमाला तिची गरज आहे पण कदर नाही, असं शेवटी लिहून त्याखाली जाड रेघ मारली होती.

गुरुवारी मी तिसरी वाचायला उभी राहिले. माझ्या आधीच्या दोघांनी नायकाच्या कपड्यांवर आणि नायिकेच्या सामानावर लिहिलं होतं. मी वाचत होते तेव्हा वर्ग शांत होता. मी खाली बसणार एवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "घरचा अभ्यास दिसतोय."

चार-पाच जण हसले.

वर्षाच्या सुरुवातीला मॅडमनी सगळ्यांना ओळख करून द्यायला लावली होती. घरी कोण काय करतं तेही सांगायचं होतं. मी सांगितलं होतं की वडील पाटबंधारे खात्यात पाटकरी आहेत, कालव्याचं पाणी सोडायचं-बंद करायचं काम बघतात, आणि आई इंदापूरच्या एका शाळेत सेविका आहे. वर्ग झाडणं, व्हरांडे धुणं, घंटा देणं. सांगताना मला त्यात काही वाटलं नव्हतं. आता मात्र कान गरम झाले.

मॅडम त्या मुलाला म्हणाल्या, "हसण्यासारखं काय आहे ते मलाही सांगा. मीही हसते." तो वही चाळायला लागला. मॅडमनी माझा कागद मागितला, पण मी तो दिला नाही. घडी घालून वहीत ठेवला.

पुढचे दोन गुरुवार मी गेले नाही. मैत्रीण वसतिगृहाच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. "अगं, त्या बावळटासाठी तू कशाला खोलीत बसतेस?" मी डोकं दुखतंय म्हणायचे. खरं म्हणजे मला त्याचा राग आला होता तसा माझाही आला होता. कारण तो बोलला ते खोटं नव्हतं. त्या बाईकडे माझं लक्ष गेलं ते आईमुळंच. वर्गातल्या बाकीच्या एकवीस जणांना ती दिसलीच नव्हती, आणि मला तिच्याशिवाय दुसरं काही दिसलं नव्हतं. मला वाटत होतं मी अभ्यास केलाय. त्या एका वाक्यानं मला वाटायला लागलं की मी नुसतं स्वतःचं घर उघडं करून दाखवलंय.

अशातच एका रविवारी आई आली. महिन्यातून एकदा ती यायची. डब्यात ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि उजनीच्या पाण्यातले मासे मिळाले तर तळून आणलेले. तिला एसटी स्टँडवरून आणायला मी आणि मैत्रीण दोघी गेलो होतो. मैत्रिणीच्या वडिलांचं दुकान स्टँडपासून जवळच. तिचे वडील, त्यांना मी चाचा म्हणायचे, आम्हाला बघून बाहेर आले आणि आईला म्हणाले, "या ताई, उन्हाचं आलाय, जरा बसा. च्या घ्या."

मला आईला थेट वसतिगृहावर न्यायचं होतं. पण आई बसली. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना छतापर्यंत कॅसेटी, आणि टोकाला कॅसेट चालते का बघायला ठेवलेला टीव्ही. चहा आला. आणि माझ्या मैत्रिणीनं, मी डोळ्यांनी नको नको म्हणत असताना, आईला सगळं सांगून टाकलं. सिनेमा, निबंध, तो मुलगा, आणि मी वर्गात जात नाही हेसुद्धा.

आईनं बशीतला चहा संपवला. मग मला विचारलं, "काय म्हणला त्यो?"

"घरचा अभ्यास दिसतोय म्हणाला."

"मग हायच की घरचा." ती म्हणाली. "त्याला काय झालं? त्याच्या घरी कुणी शिकिवलं न्हाय त्याला, त्यो काय करनार?"

चाचा गल्ल्यामागून हसत होते. आई म्हणाली, "दावा बरं मला ती बाई. काय एवढं लिवलंस तिच्यावर?"

चाचांनी कॅसेट काढली. रविवार असल्यामुळं दुकानात गिऱ्हाईक होतं, पण त्यांनी टीव्ही आईकडे वळवला आणि आवाज मोठा केला. आई खुर्चीच्या कडेवर बसली होती, पिशवी मांडीवर. मी टीव्हीकडे बघत नव्हते. नऊ मिनिटं मला पाठ होती. मी आईकडे बघत होते.

खराट्याचा आवाज आला तशी तिनं मान जरा पुढं केली. नायक धावत खाली गेला, फाइलसाठी पुन्हा वर आला, तेव्हा तिनं जिभेनं च्यक् केलं. कपाट अडकलं. दोघांचं भांडण सुरू झालं. दुकानात उभी असलेली दोन गिऱ्हाइकंही बघायला लागली. आणि मग आई एकदम हसली. मोठ्यानं, तोंडाला पदर लावून. नायक अजून घसरला नव्हता. तो कपाटाशी बोलत सरळ उभा होता. आई हसल्यानंतर आठ-दहा सेकंदांनी तो घसरला, आणि मग गिऱ्हाइकं हसली.

"तू आधीच का हसलीस?" मी विचारलं.

"आता पडतंय की ते, म्हनून."

"तुला कसं कळलं पडणार ते?"

"अगं, तिनं पाडलाय त्याला."

मी चाचांकडे बघितलं. चाचांनी कॅसेट थांबवली. त्यांनी हा सिनेमा निदान दहा वेळा तरी बघितला होता, असं त्यांनी नंतर सांगितलं, पण ही गोष्ट त्यांच्याही लक्षात आली नव्हती.

आई पिशवी खाली ठेवून नीट सांगायला लागली. "जिना कसा धुत्यात? वरनं खाली. खालनं वर कुनी धूत न्हाय. धुतलेल्यावरच परत पाय पडत्यात. ही बाई वरनं धूत धूत मधल्या वळनापत्तुर आली. वरचं झालंय तिचं. मग हे कपाट आलं. आता तिनं खाली जायला पाहिजे, व्हय का न्हाय? खालचा जिना राहिलाय. तर ती भरल्याली बादली घेऊन परत वरती कशाला गेली?"

"कशाला?" मैत्रिणीनं विचारलं.

"ते पोरगं दोनदा बुटानं गेलं तिच्या धुतलेल्यावरनं. एकदा खाली, एकदा वर. बघितलं बी न्हाय तिच्याकडं. मग ती गेली वरती आन् दिली बादली सोडून त्याच्या मागनं. लाव की परत, दिसंल तुला."

चाचांनी कॅसेट मागं घेतली. आम्ही सगळे टीव्हीजवळ सरकलो. खरंच होतं. दिग्दर्शकानं ते अगदी कोपऱ्यात ठेवलं होतं. पुढं दोघं भांडतायत, आपलं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे, आणि मागं धूसर दिसणाऱ्या पायऱ्यांवर हिरवं लुगडं वर चढतं. हातातली बादली जड आहे हे तिच्या वाकलेल्या खांद्यावरून कळतं. मग ते लुगडं दिसेनासं होतं, आणि पायऱ्यांवरून पाण्याची एक चमक खाली येते. नायक घसरतो. त्यानंतर एकच क्षण ती कठड्यावरून खाली डोकावते. तोंडावर पदर आहे, पण डोळे हसतायत.

मी हे इतक्या वेळा बघितलं होतं. ती गरीब आहे, बिचारी आहे, तिला कुणी विचारत नाही, हे सगळं मी बघितलं होतं. ती हसतेय हे बघितलं नव्हतं.

"तुला बरं सगळं माहीत," मी आईला म्हणाले.

आईनं जरा इकडंतिकडं बघितलं. "मी बी केलंय एकदा," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"व्हरांडा पुसून घेतला की एक गुरुजी रोज चिखलाच्या चपला घिऊन यायचे. रोज. सांगितलं तर म्हनायचे, तुला पगार कशाचा मिळतो? मग एक दिवस मी साबनाचं पानी जरा जास्तच टाकलं." ती थांबली. "लागलं न्हाय त्यास्नी. नुसते बसले खाली. मीच हात देऊन उठवलं."

चाचा इतके हसले की त्यांना खोकला आला. मैत्रीण खुर्चीवर पाय घेऊन हसत होती. मी आईकडे बघत राहिले. वीस वर्षं मी या बाईबरोबर राहत होते. तिचे हात, तिची पाठदुखी, पहाटेची तिची धावपळ मला माहीत होती, आणि तिच्याबद्दल बोलायचं म्हटलं की मला तेवढंच आठवायचं. शाळेच्या व्हरांड्यात गुरुजींना पाडून, मग त्यांना हात देऊन उठवणारी ही बाई मला कुणी दाखवलीच नव्हती. मी विचारलंही नव्हतं.

"पुढं येती का ती परत?" आईनं चाचांना विचारलं.

"न्हाय ताई. पुढं न्हाय ती. पुढं दोघांचंच हाय सगळं."

मला वाटलं आईला वाईट वाटेल. मी माझ्या निबंधात त्यावरच दोन ओळी लिहिल्या होत्या. आई म्हणाली, "कशी येनार? तिला काय एकच जिना हाय व्हय?" आणि पिशवी उचलून उठली. मासे गार होत होते.

त्या संध्याकाळी तिला एसटीत बसवून आल्यावर मी जुनी चार पानं बाजूला ठेवली आणि नवीन लिहायला घेतलं. पहिलं वाक्य लिहिलं, 'हा घरचा अभ्यास आहे.' मग पुढं जिना कसा धुतात ते लिहिलं. ज्याला ते माहीत आहे तो प्रेक्षक आधी हसतो, ज्याला माहीत नाही तो नायक पडल्यावर हसतो, आणि दिग्दर्शकानं दोघांचीही सोय केली आहे, असं लिहिलं. कपाटानं दोघांना वेगळं ठेवलं आणि पाण्यानं एकत्र आणलं. पाणी आपोआप आलेलं नाही. या सिनेमातला पहिला विनोद नायकाचा नाही आणि नायिकेचाही नाही, तो या बाईनं केलेला आहे, आणि बाकीची दोघं त्यात सापडली आहेत. रागाचं एक वाक्य मी राहू दिलं. तिला संवाद नाही आणि नावही नाही, हे खरंच होतं. फक्त त्याखालची जाड रेघ काढून टाकली.

गुरुवारी मी गेले. मॅडमना म्हणाले, मला परत वाचायचंय. त्यांनी काही विचारलं नाही, खुर्ची बाजूला घेतली. पहिलं वाक्य वाचताना मागच्या बाकाकडे मी बघितलं नाही. पण जिना धुण्याचं वाचत होते तेव्हा वर्गात हालचाल झाली. कुणीतरी म्हणालं, "हॅ, असं कुठं आहे?" मॅडम तेवढ्यात म्हणाल्या, "आहे का ते बघू या." वीज होती त्या दिवशी. मैत्रिणीनं कॅसेट लावली. सगळा वर्ग बाकं सोडून टीव्हीभोवती गोळा झाला. हिरवं लुगडं वर चढायला लागलं तसा एकेकाच्या तोंडून आवाज निघाला, आणि नायक पडायच्या आधीच सगळा वर्ग हसला.

मॅडम हसल्या नाहीत. त्या टीव्हीच्या अगदी जवळ उभ्या होत्या. "मी हा सिनेमा माझ्या कॉलेजच्या दिवसांत थिएटरात तीनदा पाहिलाय," त्या म्हणाल्या. "मला हे दिसलं नव्हतं. तुला कसं दिसलं?"

"मला नाही दिसलं. आईला दिसलं," मी म्हणाले.

तो मागच्या बाकावरचा मुलगा माझ्याशी त्या दिवशी काही बोलला नाही. माफी वगैरे त्यानं कधीच मागितली नाही. परीक्षेच्या आधी मात्र तो वसतिगृहाच्या फाटकाशी येऊन माझी वही मागायला लागला. मैत्रीण म्हणाली देऊ नकोस. मी दिली. वही परत आली तेव्हा तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं, कोपरे नीट दुमडून. त्यापलीकडे आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

मॅडमनी माझा निबंध सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून घेतला आणि मला न सांगता पुण्याला पाठवून दिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं कॉलेजच्या मुलांसाठी सिनेमा समजून घ्यायचं दहा दिवसांचं शिबिर भरायचं. एप्रिलच्या शेवटी पत्र आलं की मला घेतलंय, राहायची-जेवायची सोय आहे. मी ते पत्र घेऊन गावी गेले. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. दादा कमी बोलायचे. दिवसभर कालव्याच्या कडेनं सायकलवरून फिरणाऱ्या माणसाला बोलायची सवय राहत नसावी.

"धा दिवस एकटी पोरगी पुन्यात," ते जेवताना म्हणाले.

आई भाकरी थापत होती. "मग? मी आठ वर्षं एकटी इंदापूरला जातीया," ती म्हणाली.

"तुझं येगळं."

"काय येगळं? सांगा की."

दादांनी चटणी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा सायकलच्या हँडलला एक नवी निळी पिशवी अडकवलेली होती, चेन असलेली. ती त्यांनी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "कापडं बसतील का बघ यात."

मला सोडायला ते भिगवणपर्यंत आले. पहाटेच्या एसटीनं आम्ही भिगवणला उतरलो आणि पुण्याच्या पॅसेंजरची वाट बघत फलाटावर बसलो. धरणाच्या फुगवट्यावरून गार वारा येत होता. माशांच्या टोपल्या घेतलेल्या बायका एकीकडे बसून मोठमोठ्यानं बोलत होत्या. दादांनी माझं तिकीट स्वतःच्या वरच्या खिशात ठेवलं होतं आणि दर थोड्या वेळानं ते चाचपून बघत होते.

"तितं काय शिकिवनार?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सिनेमा कसा बघायचा ते."

दादांनी पुन्हा खिसा चाचपला. "बघायला शिकाय लागतं व्हय?"

"लागतं, दादा."

"बरं." ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आल्यावर मला बी सांग. मला ते फुडं काय चाललंय ते कळायच्या आतच डुलकी लागती."

गाडी आली. त्यांनी मला खिडकीची जागा बघून दिली, पिशवी वर ठेवली, खाली उतरले आणि उतरल्यावर आठवण होऊन धावत खिडकीशी येऊन तिकीट दिलं. गाडी हलली तशी मी हात केला. त्यांनीही केला, जरा उशिरा.

शिबिरात चाळीसेक मुलं होती, बरीचशी पुण्याची आणि इतर मोठ्या शहरांतली, फाडफाड इंग्रजी बोलणारी. पहिल्या दिवशी एक छोटा सिनेमा दाखवून झाल्यावर शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, कुणाला काय दिसलं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी हात वर केला. उभी राहिले, आणि मला जसं येत होतं तसं, आमच्याकडच्या मराठीत, बोलायला सुरुवात केली.